निरोगी यंत्राचा पाठ : विमानदेखभालीच्या एव्हिऑनिक्सविषयक पाठ्यसाहित्याची चिकित्सा

विमानाच्या कॉकपिटमधील दर्शक उपकरणे, दळणवळण व मार्गनिर्देशनाच्या यंत्रणा, स्वयंचलित उड्डाणनियंत्रण आणि या सर्वांना जोडणारे संगणक यांना मिळून 'एव्हिऑनिक्स' ही संज्ञा रूढ झाली आहे. विमानदेखभालीचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याला हा विषय ज्या पुस्तकांतून शिकविला जातो, त्यांची समीक्षा करण्याची प्रथा आपल्याकडे फारशी नाही. तांत्रिक पाठ्यपुस्तक तपासणे म्हणजे त्यातील मुद्रणदोष व कालबाह्य आकडे दाखविणे, असा मर्यादित अर्थ घेतला जातो. वस्तुतः पाठ्यपुस्तक केवळ माहिती पुरवीत नाही. आपल्या वाचकाने जगाकडे कसे पाहावे, कोणता प्रश्न विचारावा आणि कोणता विचारण्याची गरज नाही, हेही ते नकळत ठरवीत असते. या दृष्टीने पाहता एव्हिऑनिक्सच्या पाठ्यसाहित्यात एक मूलभूत विसंगती आढळते. देखभाल तंत्रज्ञाला बोलावले जाते ते यंत्रणा बिघडल्यावर किंवा बिघडल्याचा संशय आल्यावर. पुस्तके मात्र जवळजवळ संपूर्णपणे सुस्थितीतील यंत्रणेचे वर्णन करतात. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवून रोगनिदान न शिकविता रुग्णालयात पाठवावे, तसा हा प्रकार आहे.

प्रस्तुत लेखात दोन प्रकारचे पाठ्यसाहित्य विचारात घेतले आहे. पहिले, अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने प्रसिद्ध केलेले 'एव्हिएशन मेंटेनन्स टेक्निशियन हँडबुक – एअरफ्रेम'. दुसरे, युरोपीय 'पार्ट-६६' नियमावलीच्या पाचव्या विभागावर बेतलेली पाठ्यपुस्तके. भारतातील नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची 'सीएआर-६६' ही नियमावली युरोपीय चौकटीवरच आधारलेली असल्याने महाराष्ट्रातील विमानदेखभाल संस्थांमध्ये शिकणारा विद्यार्थीही प्रत्यक्षात हेच साहित्य वाचत असतो. हँडबुक अमेरिकन शासनाचे प्रकाशन असल्याने त्याला तेथे स्वामित्वहक्काचे बंधन नाही; त्याची पुनर्मुद्रणे भारतात सहज मिळतात.

हँडबुक : गुण आणि प्रमाण

१९७६ च्या जुन्या एअरफ्रेम हँडबुकाची जागा घेणारी नवी दोन खंडांची आवृत्ती २०१२ मध्ये निघाली. तिच्या दुसऱ्या खंडातील दहावे प्रकरण उपकरणप्रणालींचे असून अकरावे दळणवळण व मार्गनिर्देशनाचे आहे. दहाव्या प्रकरणाचे गुण प्रथम मान्य केले पाहिजेत. त्याची भाषा सरळ आहे. बूर्दाँ नलिका दाबामुळे कशी उलगडते आणि पिटो नळी व स्थिर दाबाची छिद्रे यांच्यापासून वेग, उंची व आरोहणाचा दर ही तीन माने कशी मिळतात, याचे विवेचन कोणत्याही महाविद्यालयीन भौतिकशास्त्राच्या पुस्तकाने हेवा करावा इतके स्पष्ट आहे. चुंबकीय होकायंत्राच्या जुळणीचा भाग तर आदर्शच म्हणावा लागेल. विमान कोणत्या दिशांना उभे करावयाचे, आढळलेल्या त्रुटीपैकी निम्मी कशी दूर करावयाची, स्क्रू फिरविण्याचे साधन अचुंबकीय का असावे आणि उरलेल्या त्रुटींची नोंद पत्रकावर करून ते कॉकपिटमध्ये का लावावयाचे, हे सारे क्रमाने येते. त्रुटी संपूर्ण नष्ट होत नाही, ती मोजून, लिहून वापरणाऱ्यासमोर ठेवावी लागते, हा देखभालशास्त्रातील मोठा विचार येथे कोणताही गाजावाजा न करता शिकविला गेला आहे.

मात्र हा विचार होकायंत्रापाशीच थांबतो. प्रकरण पुढे सरकते तसे इलेक्ट्रॉनिक दर्शक, बोइंग आणि एअरबस विमानांतील मध्यवर्ती इशारा-प्रणाली, उड्डाण व्यवस्थापन संगणक यांची वर्णने येतात. कोणता पडदा काय दाखवितो, कोणता संगणक कोणाला जोडलेला आहे, हे चौकटी आणि बाणांच्या आकृत्यांतून सांगितले जाते. प्रकरणाच्या अखेरीस उपकरणांच्या देखभालीचा भाग आहे. त्यात उंचीमापकाच्या चाचण्या, पिटो-स्थिर दाबप्रणालीची गळतीचाचणी, होकायंत्र आणि निर्वातप्रणाली यांना पुरेशी जागा मिळते. 'काचेच्या कॉकपिट'मधील पडद्यांच्या वाट्याला येतो तो एक लहानसा परिच्छेद, आणि त्याचाही रोख मुख्यतः पडदा कशाने पुसावा आणि उत्पादकाच्या सूचना पाहाव्यात यावर आहे. ज्या यंत्रणेने गेल्या चार दशकांत कॉकपिटचे स्वरूप पालटले, तिच्या देखभालीविषयी हँडबुकापाशी सांगण्यासारखे इतकेच असावे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

यावर एक उत्तर दिले जाते. आधुनिक उपकरण तंत्रज्ञाने उघडावयाचे नसते. सदोष पेटी काढून दुसरी बसवावयाची असते. मग अंतर्गत दोषांची चर्चा त्याच्यासाठी कशाला? हे उत्तर अर्धेच खरे आहे. पेटी न उघडणाऱ्यालाच 'दोष या पेटीत आहे की तिच्या बाहेर?' हा प्रश्न अधिक नेमकेपणाने विचारावा लागतो. तो न विचारल्यास पेटी बदलली जाते, कार्यशाळेत तीत काहीच सापडत नाही आणि ती साठ्यात परत येते. 'दोष आढळला नाही' असा शेरा घेऊन फिरणाऱ्या अशा पेट्यांचा प्रश्न इतका गंभीर झाला की २००८ मध्ये 'एआरआयएनसी'ला त्याच्या निवारणासाठी स्वतंत्र मार्गदर्शक अहवाल, क्रमांक ६७२, काढावा लागला. विद्यार्थ्याच्या पुस्तकात मात्र हा प्रश्न क्वचितच डोकावतो.

पंधरा उपविभागांची चौकट

युरोपीय चौकटीतील पाचव्या विभागाचे पंधरा उपविभाग आहेत. आरंभी इलेक्ट्रॉनिक उपकरणप्रणाली. त्यानंतर संख्यापद्धती, माहितीचे रूपांतरण, डेटा बस, तर्कमंडले, संगणकाची मूलभूत रचना, मायक्रोप्रोसेसर, एकात्मिक मंडले, मल्टिप्लेक्सिंग, प्रकाशीय तंतू, दर्शक पडदे, स्थिर विद्युतभारास संवेदनशील घटक, सॉफ्टवेअरचे व्यवस्थापन आणि विद्युतचुंबकीय परिसर. शेवटी विमानातील प्रातिनिधिक प्रणाली. २०२३ मध्ये युरोपीय अभ्यासक्रमांत सुधारणा झाल्या असल्या, तरी गेल्या दोन दशकांतील बहुतेक पाठ्यपुस्तके याच क्रमावर उभी राहिली आणि वर्गांतून तीच चालतात.

या क्रमाला एक शैक्षणिक तर्क आहे : घटकाकडून प्रणालीकडे जावे. परंतु परिणाम असा झाला, की विमान पहिल्या आणि पंधराव्या उपविभागात दिसते आणि मधल्या तेरांमध्ये जवळजवळ अदृश्य होते. परीक्षापद्धतीने ही फारकत पक्की केली. युरोपीय नियमानुसार प्रश्नाला तीन पर्याय, प्रत्येकी सरासरी पंचाहत्तर सेकंद आणि उत्तीर्ण होण्यासाठी ७५ टक्के गुण. पंचाहत्तर सेकंदांत जे विचारता येते तेच पुस्तकात ठळक होत जाते. डेटा बसच्या प्रकरणाचे उदाहरण घेता येईल. एआरआयएनसी ४२९ या मानकानुसार माहिती बत्तीस बिटांच्या शब्दांत पाठविली जाते : आठ बिट लेबलचे, दोन स्रोत किंवा गंतव्य ओळखण्याचे, एकोणीस प्रत्यक्ष माहितीचे, दोन स्थितिदर्शक आणि एक पॅरिटीचा. प्रेषक एक, ग्राहक वीसपर्यंत. ही पट्टी प्रत्येक पुस्तकात रंगीत छापलेली असते. लेबल किती बिटांचे, पॅरिटी सम की विषम, असे प्रश्न त्यावर निघतात. विद्यार्थी उत्तरे देतो व पुढे जातो. हा शब्द निर्दोष असूनही खोटा असू शकतो काय, हा प्रश्न त्या चौकटीत उद्भवतच नाही.

पंधराव्या उपविभागात प्रत्येक प्रणालीसोबत तिच्या अंतर्गत स्वयंचाचणीचा, म्हणजे 'बाइट'चा, उल्लेख आहे. (मराठीत ही संज्ञा आणि आठ बिटांचा 'बाइट' एकसारखेच लिहिले जातात, वर्गात होणारा गोंधळ अनुभवी शिक्षकांना परिचित आहे.) पाठ्यपुस्तकांतून स्वयंचाचणी निवाड्याच्या स्वरात येते. यंत्रणा स्वतःला तपासते, दोष साठविते, तंत्रज्ञ तो वाचतो. स्वयंचाचणीला काय दिसू शकत नाही, याचे विवेचन नसते. आणि खरा अभ्यासविषय तर तोच आहे.

वैध ठरलेली खोटी माहिती

७ ऑक्टोबर २००८ रोजी सिंगापूरहून पर्थकडे निघालेले क्वांटासचे ए३३० विमान ३७,००० फुटांवरून जात असताना अचानक दोनदा नाक खाली घालून झेपावले. विमानात ३१५ जण होते. शंभराहून अधिक जखमी झाले, त्यांतील बारा जण गंभीर. विमान पश्चिम ऑस्ट्रेलियातील लर्मंथ येथे उतरविण्यात आले. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाचा अंतिम अहवाल २०११ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. त्यातील निष्कर्ष एआरआयएनसी ४२९ शिकविणाऱ्या प्रत्येक वर्गात पोचावयास हवा होता. हवेविषयीची माहिती देणाऱ्या तीन एककांपैकी एक अधूनमधून एका राशीचे मान दुसऱ्या राशीच्या लेबलखाली पाठवीत होते. उंचीचे आकडे पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातील कोनाच्या लेबलखाली गेले. ३७,००० फुटांच्या आसपासच्या उंचीचा बिटांचा क्रम कोन म्हणून वाचला, की तो ५०.६२५ अंश भरतो. अशा कोनात प्रवासी विमान उडूच शकत नाही. परंतु संदेशाच्या स्थितिदर्शक बिटांनी तो 'सामान्य' म्हणूनच जाहीर केला होता. उड्डाणनियंत्रण संगणकाकडे असे क्षणिक उसळलेले मान गाळण्याची व्यवस्था होती. ती एखादे मान १.२ सेकंदांपर्यंत रोखून धरी. दोन उसळ्या नेमक्या १.२ सेकंदांच्या अंतराने आल्या तेव्हा मात्र ती फसली.

त्या एककाच्या स्वयंचाचणीला हा दोष ओळखता आला नाही. नंतरच्या तपासण्यांतही एककात बिघाड सापडला नाही आणि दोष नेमका कशाने सुरू होतो हे अखेरपर्यंत निश्चित झाले नाही. त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे, सप्टेंबर २००६ मध्ये त्याच विमानावरील त्याच एककाने याच स्वरूपाचे वर्तन केले होते. यात देखभाल कर्मचाऱ्यांना दोषी धरण्याचे कारण नाही. त्यांच्या हातातील साधने त्यांना हा दोष दाखवूच शकत नव्हती. परंतु 'चाचणी उत्तीर्ण' म्हणजे 'निर्दोष' नव्हे, हे वाक्य या घटनेमुळे उपदेश न राहता बिटांच्या पातळीवर सिद्ध करता येणारे विधान बनते. संख्यापद्धती, डेटा बस, स्वयंचाचणी आणि प्रत्यक्ष प्रणाली हे चार उपविभाग एका प्रकरणात एकत्र बांधण्याची याहून चांगली संधी पाठ्यपुस्तककाराला क्वचितच मिळेल.

तेवीस नोंदी

दुसरे उदाहरण अधिक क्लेशकारक आहे, कारण त्यातील मूळ दोष क्षुल्लक होता. २८ डिसेंबर २०१४ रोजी सुराबाया येथून सिंगापूरला निघालेले इंडोनेशिया एअरएशियाचे ए३२० विमान जावा समुद्रात कोसळले आणि १६२ जण मृत्युमुखी पडले. इंडोनेशियाच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा समितीने डिसेंबर २०१५ मध्ये आपला अहवाल दिला. विमानाच्या उभ्या शेपटीत सुकाणूची हालचाल मर्यादित ठेवणारे एक एकक असते. त्याच्या इलेक्ट्रॉनिक भागातील दोन्ही वाहिन्यांच्या सोल्डरला तडे गेले होते. जमिनीवरील उष्णता व आकाशातील गारठा यांच्या आळीपाळीने होणाऱ्या माऱ्यामुळे असे तडे पडू शकतात. तडा कधी जोडलेला राहतो, कधी सुटतो. म्हणून दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही.

या विमानावर २०१४ या एका वर्षात त्या प्रणालीच्या दोषाच्या तेवीस नोंदी झाल्या होत्या आणि त्यांच्यामधील अंतर वर्षअखेरीस कमी कमी होत गेले होते. बहुतेक वेळा उपाय होता तो संगणक पुन्हा सुरू करण्याचा आणि चाचणी घेण्याचा. चाचणी यशस्वी होई. नोंद बंद होई. विमान क्षेत्रात ज्याला 'स्नॅग' म्हणतात तो प्रत्येक वेळी नव्याने जन्मे व नव्याने मिटे. अपघातापूर्वी तीन दिवस, २५ डिसेंबरला, सुराबायातच दोष पुन्हा आला. त्या वेळी तंत्रज्ञाने सर्किट ब्रेकर ओढून पुन्हा बसविल्याचे ज्या वैमानिकाने पाहिले, तोच अपघातग्रस्त उड्डाणाचा कॅप्टन होता. २८ तारखेला हवेत असताना तोच इशारा चार वेळा आला. चौथ्या वेळी दोन्ही संगणकांचे सर्किट ब्रेकर खेचले गेल्याच्या खुणा उड्डाणनोंदीत मिळतात. स्वयंचालक सुटला, संरक्षक मर्यादा नाहीशा झाल्या, सुकाणू दोन अंश डावीकडे वळले आणि विमान ५४ अंशांपर्यंत कलंडले. पुढील विमानचालनातील चुकांचीही अहवालाने स्पष्ट नोंद घेतली आहे. सारा भार सोल्डरवर टाकता येणार नाही. तरीही देखभालीच्या शिक्षणाच्या दृष्टीने पाहता, तेवीस नोंदींपैकी एकही स्वतंत्रपणे पाहिली तर तंत्रज्ञाची कृती पुस्तकानुसारच वाटते. दोष होता तो तेवीस नोंदी एकत्र वाचण्याची सवय नसण्यात. अहवालानेही वारंवार उद्भवणाऱ्या दोषांचे विश्लेषण करण्याच्या व्यवस्थेवर बोट ठेवले आहे.

ही सवय कोणत्या पाठ्यपुस्तकातून लागावी? युरोपीय चौकटीच्या सातव्या विभागात 'दोषशोधनाची तंत्रे' असा उल्लेख आहे. तो एका ओळीचा आहे. नववा विभाग मानवी घटकांचा आहे व त्यात अपघात शिकविले जातात. परंतु तेथे अपघात हा थकवा, घाई, अपुरा संवाद यांच्या कथेचा विषय होतो. पाचव्या विभागात बिट असतात, माणूस नसतो. नवव्यात माणूस असतो, बिट नसतात. सोल्डरचा तडा आणि सर्किट ब्रेकर ओढणारा हात यांची गाठ ज्या पानावर पडावी ते पान या पाठ्यसाहित्यात नाही. प्रकरणांच्या संख्येत भर घालून ही उणीव दूर होणारी नाही.

नोंदवहीची भाषा

भाषेच्या अध्यापकांनाही रस वाटावा असा एक मुद्दा येथे उपस्थित होतो. तंत्रज्ञ दोषाला प्रथम भेटतो तो वाक्याच्या रूपात. वैमानिक विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत दोन ओळी लिहितो आणि त्या ओळींवरून तपासणीची दिशा ठरते. २८ ऑक्टोबर २०१८ रोजी लायन एअरच्या ७३७ मॅक्स विमानावर बाली येथे कोन मोजणारा डावा सेन्सर बदलण्यात आला. बसविलेल्या दुरुस्त सेन्सरच्या मापनात २१ अंशांचा फरक होता, आणि बसविल्यानंतरची चाचणी प्रत्यक्षात झाल्याचा विश्वासार्ह पुरावा चौकशीला मिळाला नाही. त्या रात्री जकार्ताला जाताना वैमानिकांना गंभीर अडचणी आल्या. दांडी थरथरवून विमान पडण्याच्या बेतात असल्याचा इशारा देणारी यंत्रणा सतत चालू होती आणि शेपटीवरील स्थिरक विमानाला वारंवार खाली ढकलीत होता. नोंदवहीत मात्र वेग व उंचीची माने जुळत नसल्याचे आणि एक दिवा लागल्याचे, एवढेच लिहिले गेले. जकार्ताच्या तंत्रज्ञाने लिहिलेल्या शब्दांना अनुसरून दाबाच्या मार्गांची सफाई केली, एक विद्युत जोडणी स्वच्छ केली आणि चाचणी घेतली. ती समाधानकारक ठरली. दुसऱ्या दिवशी सकाळी विमान समुद्रात कोसळले. १८९ जणांचा मृत्यू झाला. विमानाच्या मूळ रचनेतील आणि वैमानिकांपासून अज्ञात राहिलेल्या नियंत्रणप्रणालीतील दोष हे या दुर्घटनेचे मोठे कारण होते, हे सर्वज्ञात आहे. परंतु त्या रात्री जमिनीवर उभ्या असलेल्या तंत्रज्ञापाशी जे होते ते दोन वाक्ये एवढेच होते.

दोषाची नोंद हा एक लेखनप्रकार आहे. तिला स्वतःची संक्षिप्तता आहे, गाळण्याच्या रीती आहेत, अर्धवट निदानाला लक्षण म्हणून मांडण्याचा मोह आहे. 'अमुक संगणक सदोष' हे निदान झाले. 'अमुक उंचीवर, वळताना, दोन सेकंद आकडा गेला व परत आला' ही नोंद झाली. हा भेद विद्यार्थ्याला नोकरीत लागल्यावर, जेमतेम, कोणा ज्येष्ठाच्या बोलण्यातून कळतो. पाचव्या विभागाच्या परीक्षेत दीर्घोत्तरी प्रश्नाला स्थान नसल्याने लेखनाचा सरावही संभवत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याची अडचण यात दुहेरी आहे. लक्षणाचे बारकावे त्याला आपल्या भाषेत उत्तम सांगता येतात; नोंद इंग्रजीत करावयाची असल्याने तो पाठ्यपुस्तकातील तयार शब्दांकडे वळतो. ते शब्द निरोगी यंत्राचे असल्यामुळे बारकावे गळून पडतात.

यावर उपाय म्हणून नवे जाडजूड पुस्तक लिहावयास हवे असे नाही. वर उल्लेखिलेले तिन्ही अहवाल इंग्रजीत, विनामूल्य उपलब्ध आहेत. शेवट न सांगता लायन एअरच्या नोंदवहीतील दोन वाक्ये फळ्यावर लिहून 'वैमानिकाला आणखी काय विचाराल?' एवढाच प्रश्न वर्गाला दिला, तर एका तासिकेत दोषशोधनाचा खरा पाठ होऊ शकतो. त्याला परीक्षेत गुण नाहीत, म्हणून वेळ कोठून काढावयाचा, हा अध्यापकांचा आक्षेप रास्त आहे. त्याचे एक उत्तर संख्यापद्धतीच्या प्रकरणातच मिळते. अष्टमान पद्धतीच्या रूपांतरांची जी उदाहरणे तेथे सोडवून घेतली जातात, त्यांतील संख्या कोणत्याही असल्या तरी चालतात. एआरआयएनसी ४२९ ची लेबले अष्टमान पद्धतीतच लिहितात आणि दाबावरून काढलेल्या उंचीचे लेबल २०३ आहे. उदाहरणादाखल हीच संख्या घेतली, तिचे १०००००११ हे द्विमान रूप काढले, आणि ही आठ चिन्हे चुकीच्या मापनाला चिकटली तर पलीकडच्या संगणकाला ते कसे ओळखता येईल, असे विचारले, तर अभ्यासक्रमाची एकही ओळ न बदलता क्वांटासचे ते विमान दुसऱ्याच उपविभागात वर्गात येते.